गढीपुढे संत्रा महोत्सव व्हावा, पण गावाच्या अटीवर

आमच्या गावात सध्या एकच वाद चालू आहे. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या संत्र्याची, तोडणी सुरू झाली की गावच्या जुन्या गढीपुढच्या मैदानात दोन दिवसांचा संत्रा महोत्सव घ्यायचा, असं काही तरुण पोरांनी अन् बचत गटाच्या बायांनी ठरवलं. बेत साधाच आहे, फळांचे स्टॉल, संध्याकाळी खंजिरी भजन, शाळेच्या पोरांना गढी फिरवून दाखवायची. पण त्यावरून गावात दोन तट पडले अन् व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत तेच चालू असते. एक म्हणतो ऐतिहासिक वास्तूचा बाजार मांडला, दुसरा म्हणतो विरोध करणारे गावाच्या विकासाच्या आड येतायत, अन् मधल्या मधे खरा प्रश्न हरवून गेला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण वरुड, मोर्शी, काटोल, अचलपूर, चांदूर बाजार, कुठंही हेच होऊ शकतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. महोत्सव झाला पाहिजे, गढीपुढेच झाला पाहिजे, पण बुरुजावर अन् गढीच्या आत नाही, आणि कारभार ग्रामसभेच्या हातात पाहिजे, कोणा एका भाऊच्या नाही.

आधी गढीची हालत सांगतो, कारण ती जवळून बघितल्याशिवाय पुढचं बोलणं पोकळ आहे. खाली पुरुषभर उंचीचं काळ्या दगडाचं बांधकाम अन् त्यावर पांढऱ्या मातीचे बुरूज. माती इतकी चिवट की एवढे पावसाळे खाऊनही उभी आहे, पाण्याच्या धारांनी पडलेल्या उभ्या भेगांतून आत मळलेली गवताची काडी अजून दिसते. समोरून बघितलं तर गढी भरभक्कम वाटते. मागच्या अंगाला जा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या चाकोऱ्या थेट बुरुजाच्या पायथ्याशी जातात अन् तिथं माणूस उभा राहील एवढी कपार पोखरलेली आहे. कपारीत राखेचा काळपट थर, त्यात खापराचे तुकडे, एखादा काचेच्या बांगडीचा तुकडा, वरून लोंबकळणारी पिंपळाची मुळं. गढीची पांढरी माती भिंती लिपायला न्यायची, छपरावर टाकायची, शेतात खत म्हणून पसरायची ही रीत जुनी आहे. पूर्वी ती डोक्यावरच्या टोपलीनं जायची, आता ट्रॉलीनं जाते, एवढाच फरक आहे अन् तोच सगळा फरक आहे. महोत्सवानं गढी खराब होईल म्हणणाऱ्यांनी या खड्ड्याबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाही. गढी आमचा अभिमान म्हणणाऱ्यांनीही नाही. मग आपण नेमकं कशाचं रक्षण करायला भांडतोय?

तरीपण गढी जपायला पाहिजे म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही, तो नीट ऐकला पाहिजे. गर्दी जुन्या बांधकामाला सोसत नाही हे खरंच आहे. मंडपासाठी पहारीनं खड्डे खणले की खालचे थर कायमचे विस्कटतात, डीजेच्या दणक्यानं मातीचा सुटलेला भाग खाली येतो, पोरं फोटोसाठी बुरुजावर चढली की पावसानं आधीच पातळ झालेली कड ढासळते, अन् खाली कोणी उभं असलं तर काय होईल याचा विचारही करवत नाही. आपल्या राज्यातच याची उदाहरणं आहेत. वेरूळच्या लेण्यांपाशी होणारा महोत्सव पुढे लेण्यांच्या काळजीपोटी तिथून हलवला अन् औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) सोनेरी महालात नेला. म्हणजे अनुभवानं शहाणपण आलं की नाजूक जागेवरून गर्दी काढावी लागते. पण पुढचं बघा, तो महोत्सव बंद झाला नाही, दुसऱ्या एका ऐतिहासिक वास्तूच्याच पुढ्यात भरला. ओडिशात कोणार्कचा नृत्य महोत्सव तर मंदिराबाहेरच्या खुल्या रंगमंचावर होतो, मंदिर मागं दिसत राहते. लोक मंदिरासाठीच येतात अन् मंदिराला हात लागत नाही. आमच्या गढीपुढचं मैदान याच कामाचं आहे. तिथं पिढ्यान् पिढ्या पोळा भरतो, आठवडी बाजाराची बैलबंडी सुटते, त्या जमिनीला गर्दी नवी नाही. बुरुजापासून पंचवीस-तीस पावलांवर दोर बांधा, मंडप खांब न गाडता लोखंडी ट्रसवर उभा करा, डीजे पूर्ण बंद. यात अशक्य काय आहे?

एक मेसेज फिरतोय की पुरातत्त्वाच्या कायद्यानं असलं काही चालतच नाही. हे अर्धवट आहे. १९५८ चा केंद्राचा कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून घोषित झालेल्या स्मारकांना लागतो, १९६० चा महाराष्ट्राचा कायदा राज्य संरक्षित स्मारकांना. विदर्भातल्या बहुतेक गढ्या दोन्हीकडे नाहीत, त्यांना ना निळी पाटी आहे ना चौकीदार. अन् जिथं केंद्राचा कायदा लागतो तिथंही १९५९ चे नियम सांगतात की सभा, समारंभ, करमणुकीचा कार्यक्रम लेखी परवानगीशिवाय करायचा नाही, आणि आधीपासून चालत आलेल्या मान्य धार्मिक प्रथेला त्यातून सूट आहे. १०० मीटर बंदी अन् त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी, ही २०१० मधली तरतूद बांधकामाची आहे, दोन दिवसांच्या संत्र्याच्या स्टॉलची नाही. म्हणजे सगळ्यात कडक कायदासुद्धा अटी घालतो. मग ज्या गढीला कायद्याचं कोणतंच छत्र नाही तिच्यासाठी अटी कोण घालणार? गावाशिवाय दुसरं आहे कोण?

अन् इथं मला इतिहासाकडं वळावं लागते. आज रायगड म्हटलं की लाखो लोकांची रांग डोळ्यापुढे येते, पण एकोणिसाव्या शतकात शिवरायांची समाधी झाडोऱ्यात पडून होती. १८९५ मध्ये टिळकांनी समाधीच्या दुरुस्तीसाठी निधीची चळवळ उभी केली, १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला, तेव्हापासून त्या जागेकडं महाराष्ट्राचं लक्ष गेलं ते गेलंच. लोक गेले म्हणून जागा वाचली. पण हीच गोष्ट उलट्या बाजूनंही वाचायला पाहिजे, जी उत्सववाले वाचत नाहीत. उत्सव १८९६ ला झाला अन् समाधीचं प्रत्यक्ष काम व्हायला विसाव्या शतकाचं तिसरं दशक उजाडलं. म्हणजे जयजयकारानं दगड बसत नाही, त्याला पैसा लागतो, हिशेब लागतो, चिकाटी लागते. आपल्या जवळचं कौंडण्यपूर घ्या. रुक्मिणीचं माहेर म्हणून तिथून पंढरपूरला पालखी जाते, चारशेहून जास्त वर्षांची परंपरा सांगतात. तिथल्या टेकाडांचं शास्त्रशुद्ध उत्खनन झालं ते १९६० च्या दशकात. तोपर्यंत ही जागा महत्त्वाची आहे हे ध्यानात कोणी ठेवलं? दरवर्षी तिथं जमणाऱ्या साध्या माणसांनी. ज्या जागेवर वर्षातून एकदाही गाव गोळा होत नाही ती जागा आधी मनातून जाते, मग ट्रॉलीतून जाते.

आता दुसरा विरोध, जो मला जास्त लागतो. शेतकरी संघटनेत काम केलेले एक काका पारावर सरळ म्हणाले, "भाव भेटत नाही अन् महोत्सव कायले?" त्यांचं कोणतं वाक्य खोटं आहे? आंबियाचा बहार धरायला डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, जानेवारी-फेब्रुवारीत फूल आलं की उन्हाळाभर टँकरनं झाड जगवायचं, पावसाळ्यात बुरशी अन् फळगळ, डिंक्याला, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाला, मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावता लावता हात निळे होतात. एवढं करून बाग व्यापाऱ्याला झाडावरच उक्ती विकायची. इसार देऊन गेलेला व्यापारी भाव पडल्यावर फिरकत नाही, फोन उचलत नाही, अन् फळ झाडाखाली पसरलेलं दिसते. बांगलादेश हा आपल्या संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक, त्यांनी आयात शुल्क वाढवत नेलं अन् मार इथल्या बांधावर बसला. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे फलक लागले, पण त्या मानांकनाचे पैसे शेतकऱ्याच्या पासबुकात कुठं दिसत नाहीत. अशा वेळी रांगोळ्या काढून महोत्सव करणं म्हणजे जखमेवर मीठ, असं कोणाला वाटलं तर ते समजून घेतलं पाहिजे.

पण दुःखात आहोत म्हणून जमायचंच नाही, हा निष्कर्ष मला पटत नाही. पापळसारख्या गावातून निघालेले पंजाबराव देशमुख देशाचे कृषिमंत्री होते अन् १९५९ मध्ये त्यांनी दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. तेव्हा देशात धान्य पुरत नव्हतं, अमेरिकेचा गहू जहाजानं येत होता. पोट भरत नाही अन् प्रदर्शन कशाला, असं तेव्हाही म्हणता आलं असतं. पंजाबरावांना कळत होतं की शेतकऱ्यानं आपला माल, आपली अडचण, आपली अक्कल दहा लोकांपुढे मांडलीच नाही तर त्याच्या वतीनं दुसरेच बोलत राहतात. आपल्याच आठवडी बाजारात जाऊन बघा, हिमाचलचं सफरचंद एकेका फळाला जाळी घालून, खोक्यात मांडून विकलं जाते, त्यावर स्टिकर असते, अन् दोन कोसांवरून आलेला आपला संत्रा गोणपाटावर ढीग लावून. आपल्याच पोरांना सफरचंद भारी अन् संत्रा साधा वाटतो यात नवल काय?

महोत्सवानं टनाचा भाव वाढणार नाही, हे मी उघड मान्य करतो, अन् पोस्टरवर तसं कोणी लिहीत असेल तर ते आजच काढून टाकावं. मात्र महोत्सव काय करू शकतो ते ठोस आहे. तोडणीनंतर व्यापारी जी चुरी बाजूला टाकतो, ती बारीक फळं, ती खायला बाकीच्या संत्र्यासारखीच गोड असतात, फक्त कॅरेटमध्ये शोभत नाहीत. मागच्या तोडणीत एका बागेत बघितलं, झाडाखाली बसून बाया फळं निवडत होत्या, एक हात कॅरेटकडं अन् एक हात ढिगाकडं, डोळे फळावर, तोंडानं गप्पा, अन् संध्याकाळपर्यंत ढीग कॅरेटच्या बरोबरीला आला. तो ढीग कवडीमोल जातो. अमरावतीहून, नागपूरहून दोनशे गाड्या जरी त्या दोन दिवसांत आल्या तर तो ढीग शेतकऱ्याच्या हातानं, शेतकऱ्याच्या भावानं विकला जाईल. मैदानात मोठा काटा उघड्यावर लावा. वरुड अन् नागपूरच्या मंडीचा त्या दिवशीचा भाव खडूनं फळ्यावर लिहा, व्यापाऱ्यांना बोलवा अन् सौदा चार लोकांपुढे, कागदावर होऊ द्या. नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ बोलवून झाडाखालची मुळी दाखवा, जंभेरीच्या खुंटावरचं कलम घ्यावं का रंगपूर लिंबाच्या खुंटावरचं हे त्यांच्या तोंडून ऐका. अन् काकांना बाजूला ठेवून हे करू नका, पहिल्या दिवशी दुपारी माईक त्यांच्याच हातात द्या. भावाबद्दलचा राग त्या मैदानात बोलला गेला नाही तर तो शेतकऱ्यांचा महोत्सव कसला? २०१७ च्या डिसेंबरात नागपुरात जागतिक संत्रा महोत्सव झाला, शहरानं संत्र्याचा उत्सव केला तर आपण कौतुक करतो, मग ज्या मातीत झाड उभं आहे तिथं तो व्हायला संकोच कशाचा?

तिसरा विरोध गावात मोठ्यानं कोणी बोलत नाही, ग्रुपवर तर अजिबात नाही, पण मला तो सगळ्यात वजनदार वाटतो. गावाच्या खालच्या आळीतल्या एका शिकलेल्या पोरीनं तो मला विचारला. ती म्हणाली, दादा, तुम्ही ज्याला आपला वारसा म्हणता त्या दरवाजातून आमच्या आजोबांना आत येता येत नव्हतं, बुरुजाची माती त्यांनीच वाहिली अन् मजुरी भेटली नाही, आता आम्ही तिथं कशाचा आनंद करायचा? याला उडवून लावता येत नाही. गढी म्हणजे वसुलीची जागा होती, तिथं धान्य मोजून घेतलं जायचं, वेठ करून घेतली जायची. पोळ्याला तोरणाखाली सगळ्यात पुढे कोणाची जोडी उभी राहील यावरून गावोगाव डोकी फुटली, मान ठरलेला होता अन् तो जातीनं ठरलेला होता.

दुसरीकडं हेही खरं आहे की पेंढाऱ्यांच्या धाडी वऱ्हाडावर यायच्या तेव्हा बायापोरं, गुरंढोरं घेऊन लोक याच गढ्यांच्या आसऱ्याला धावायचे. एकाच भिंतीनं आसराही दिला अन् अपमानही केला. यातलं एक सांगायचं अन् दुसरं लपवायचं, हा इतिहास होत नाही. मग उपाय काय, गढीकडं पाठ फिरवायची? १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरासाठी सत्याग्रहाची हाक दिली गेली, त्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकर अमरावतीच्या परिषदेला आले, पंजाबराव या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले. ज्यांना बाहेर ठेवलं होतं त्यांनी तेव्हा दाराकडं पाठ फिरवली नाही, दार उघडायला लावणं हाच त्या लढ्याचा अर्थ होता. गढी तशीच ओस ठेवली तर ती जुन्या मालकांच्या आठवणीतच राहील. सगळं गाव तिच्यापुढे बरोबरीनं बसलं तर तिचा अर्थ बदलायला सुरुवात होईल. पण 'बरोबरीनं' हा शब्द भाषणातला नको. मानाची खुर्ची नको, मानाचं नारळ नको, स्टॉलच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटा, ज्यांच्याकडं बाग नाही त्या तोडणीवाल्या मजुरांचा अन् निवडणाऱ्या बायांचा स्टॉल पहिल्या ओळीत पाहिजे, अन् पोरांना गढी दाखवताना माती कोणी वाहिली हेही सांगा. ते सांगायला त्या पोरीलाच विचारा, ती तयार असेल तर.

पोरांना सांगण्यासारखं तर कितीतरी आहे अन् ते सांगायला या हंगामाइतका चांगला मुहूर्त नाही. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी गाविलगड घेतला, १७ डिसेंबरला नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी देवगावच्या तहावर वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, ३० डिसेंबरला शिंद्यांचा तह सुर्जी अंजनगावला झाला. हिंदुस्थानच्या राज्याचे निकाल आपल्या संत्रा पट्ट्यात, आंबियाच्या हंगामात लागले अन् आपल्या पोरांना प्लासी पाठ आहे, देवगाव माहीत नाही. संत्रा औरंगाबादकडून नागपुरात आणला तो याच रघूजींनी असं जुनी माणसं सांगत आली. संत्रा अन् गढी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचा एकमेकांशी संबंध काय, असं जे विचारतात त्यांच्यासाठी एवढं पुरेसं आहे.

माझी खरी भीती विरोधकांची नाही, महोत्सव नको त्या हातात जाण्याची आहे. पहिल्या वर्षी पोरं करतील, दुसऱ्या वर्षी कोणी मोठा माणूस लाखभर देईल, तिसऱ्या वर्षी बुरुजावर त्याचा फ्लेक्स लागेल अन् चौथ्या वर्षी संत्रा कोपऱ्यात अन् लावणी मधात. हे आपण कितीतरी गावच्या उत्सवांचं झालेलं बघितलं आहे. इथं आपल्याच मातीतला एक माणूस आठवावा लागतो. गाडगेबाबा ऋणमोचनच्या जत्रेत जायचे ते खराटा घेऊन. जत्रेतला बोकडबळी, दारू, उधळपट्टी यावर त्यांनी आसूड ओढले, पण माणसांनी जमू नये असं त्यांनी कधी म्हटलं नाही, उलट जमलेल्या गर्दीलाच त्यांनी कीर्तनात उभं केलं. आधी जागा झाडायची, मग बोलायचं, हा त्यांचा क्रम होता. आम्हालाही तोच क्रम लागू करता येतो. महोत्सवाच्या आधी आठ दिवस गावानं गढीच्या पायथ्याची साफसफाई करायची, काचा अन् प्लास्टिक वेचायचं, पिंपळाची रोपटी जाणकाराला विचारून काढायची, कारण मुळ्या ओढून काढल्या की भिंतही सोबत येते.

म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव आणा. गढीची जागा ज्या वारसांच्या नावे आहे त्यांची लेखी संमती घ्या, ते पुण्यात असोत की अमेरिकेत. स्टॉलच्या भाड्यातून आलेल्या रकमेचा निम्मा भाग गढीच्या डागडुजीसाठी वेगळ्या खात्यात, खात्यावर तीन सह्या, त्यातली एक बचत गटाच्या बाईची, अन् महोत्सव संपल्यावर पंधरा दिवसांत जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. बुरुजावर एकही बॅनर नाही, कोणत्याच पक्षाचा नाही, देवाचाही नाही. दुरुस्ती सिमेंटनं करायची नाही, कारण मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आत शिरलेलं पाणी अडकून राहते अन् भिंत आतून फुगून पडते. ज्याला पांढऱ्या मातीचं काम येते असे दोन-चार म्हातारे अजून गावात आहेत, त्यांना रोजी देऊन पोरांना त्यांच्या हाताखाली लावा. अन् या सगळ्याच्या आधी, त्याच सभेत, गढीची माती ट्रॉलीनं नेणं आजपासून बंद असा ठराव घ्या, नेणाऱ्याचं नाव कोणतंही असो, आडनाव कोणतंही असो. मीही त्या ग्रामसभेचा मतदार आहे. मातीचा ठराव पास झाला नाही तर महोत्सवाच्या ठरावाला, वर एवढं सगळं लिहूनही, मी हात वर करणार नाही.